मदारीतला मेंदू

३ फेब्रुवारी
निसर्ग संग्रहालय, तळघरातली रंगखोली

आत्या,

नमस्कार लांबूनच करतो, कारण तुझे पाय या वेळी बर्फात असणार.

मला काम मिळालं. पाट्या रंगवायचं, पण दुकानांच्या नव्हेत. इथल्या संग्रहालयात 'दोन टोकं' नावाचं नवं दालन उघडतंय. आत शिरलं की डाव्या हाताला वाळवंट, उजव्या हाताला टुंड्रा आणि मध्ये सहा पावलांचा रस्ता. काचेमागे पेंढा भरलेले प्राणी उभे राहणार आणि प्रत्येकापुढे एक पाटी असणार, की हा प्राणी एवढ्या उन्हात किंवा एवढ्या थंडीत जगतो कसा. अशा एकूण चव्वेचाळीस पाट्या मी काळ्यावर पांढऱ्या रंगाने लिहायच्या आहेत.

काम अजून तात्पुरतं आहे. मे महिन्याच्या अखेरीस समिती बसेल आणि मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवील. घरी पाठवलं तर बाबांनी पुढची सोय करून ठेवली आहे. भावोजींच्या पशुखाद्याच्या गोदामात पोत्यांवर आकडे छापायला माणूस हवाय. आत्या, आकड्यांना वेलांटी नसते. उकार नसतो. मी तिथे काय करू?

माझी शाळा नववीत सुटली, हे तुला माहीत आहे. शास्त्र मला कळत नाही. पण शुद्धलेखनात मी कधी मार खाल्लेला नाही, आणि नेमकी तीच गोष्ट इथे उपयोगी पडते आहे. दालनाच्या प्रमुख बाई फार शिकलेल्या आहेत, पण त्या घाईत लिहितात आणि अनुस्वार देत नाहीत. 'वाळवट', 'थडी', 'मुगी', 'उट'. पहिल्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाल्या, "टिंबं तू घाल रे. मला एवढा वेळ कुठे आहे?" तेव्हापासून टिंबं माझ्याकडे. काल त्यांनी लिहिलं होतं, 'सशाचा रग हिवाळ्यात बदलतो.' सशाला रग आहे हे नवीनच होतं. मी टिंब दिलं आणि सगळं सुरळीत झालं.

तू चार वर्षं टुंड्रातच स्वयंपाक करते आहेस. तिथे खरोखर काय असतं ते लिही. मागच्या पत्रात तू 'थंडि' लिहिलं होतंस. दीर्घ हवी. राग मानू नकोस.

तुझा,
वेलांटी


२४ फेब्रुवारी
हवामान केंद्र, स्वयंपाकघर

वेलांटी,

हे पत्र इथल्या निरीक्षकाकडून तपासून घेतलं आहे, तेव्हा लाल पेन खाली ठेव. त्याने सतरा चुका काढल्या आणि विचारलं, तुमचा भाचा मास्तर आहे का? म्हटलं, नाही, नववी नापास आहे, म्हणून तर एवढा कडक.

काम मिळालं हे फार चांगलं झालं. दादाने पोत्यांची सोय केली म्हणजे त्याच्या मते तू बुडालाच आहेस. लहानपणी मलाही त्याने असंच तीनदा बुडवलं होतं.

आता टुंड्राबद्दल. मी आले त्या उन्हाळ्यात निरीक्षक मला फिरायला घेऊन गेला. तासभर चाललो. मी म्हटलं, एखादं झाड असतं तर सावलीला बसलो असतो. तो म्हणाला, बाई, तुम्ही तासभर जंगलातूनच चालताय, जरा खाली बघा. खाली बघितलं तर माझ्या घोट्याएवढी झाडं. खोड, फांद्या, पानं, सगळं शिस्तशीर, पण जमिनीला चिकटून. वर वारा कापून काढतो, म्हणून कुणी डोकं वर काढत नाही. आणि हातभर खणलं की खाली जमीन दगडासारखी गोठलेली, म्हणून मुळंही आडवीच पसरतात. त्यातलं एक झाड माझ्याहून वयाने मोठं आहे म्हणे. मी त्याच्यावर पाय दिला होता. माफी मागितली.

फुलं वाटीसारखी असतात आणि सूर्य जिकडे जाईल तिकडे तोंड फिरवतात. वाटीत ऊन साठतं आणि किडे त्यात शेकत बसतात. उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा. तेवढ्यात फुलायचं, फळायचं, बी टाकायचं. आपल्याकडच्या लग्नघरासारखी घाई.

कोल्हा इथला गोरा आहे, कान आखूड. आखूड कान म्हणजे ऊब कमी उडते. डास मात्र ओंजळीने उपसावेत इतके आहेत, आणि ते कशाच्या जोरावर जगतात म्हणशील तर माझ्या.

आणि माणसं? माणसं खातात. मी आले तेव्हा काडी होते. आता दारातून आत येताना आडवी होते. निरीक्षक म्हणतो, ही तुमची थंडीशी जुळवून घेण्याची पद्धत. मी म्हटलं, ही माझ्या हातच्या स्वयंपाकाची पद्धत.

विमान पंधरा दिवसांनी एकदा येतं, तेही वादळ नसेल तर. उत्तराची वाट बघून जीव टांगणीला लावू नकोस. तुझा तसाही बाराही महिने टांगलेलाच असतो.

आत्या


२० मार्च
रंगखोली

आत्या,

तुझं पत्र आलं. निरीक्षकांनी सतरा काढल्या तरी एक राहिली आहे, पण ती सांगत नाही.

अडतीस पाट्या झाल्या. प्राण्यांमध्ये पेंढा भरणारे काका आहेत, त्यांना सगळे पेंढाकाकाच म्हणतात. त्यांच्याकडे दोन कोल्हे आले. एक वाळवंटातला, कान सुपाएवढे. दुसरा तुझ्याकडचा, कान बटणाएवढे. मोठ्या कानांतून अंगातली उष्णता बाहेर पडते, म्हणून उन्हात मोठे आणि थंडीत लहान. पेंढाकाका म्हणाले, "कान दोघांचे उतरवून ठेवलेत. कुणाचे कुणाला लावायचे ते पाटी वाचून सांग, मी चष्मा विसरलोय." पाटी चार वेळा वाचून सांगितलं.

वाळवंटात एक उंदीर असा आहे की जन्मात पाणी पीत नाही. कोरड्या दाण्यांतूनच त्याच्या अंगात पाणी तयार होतं. हे वाचल्यापासून पाण्याचा पेला उचलताना मला ओशाळल्यासारखं होतं.

आता जरा अभिमानाने सांगतो. बाईंच्या मजकुरात एक शब्द मला फार अडला होता. उंटाच्या पाटीवर त्यांनी लिहिलं होतं, 'उटाच्या पाठीवरील मदारीत पाणी नसून मेद साठवलेला असतो.' उंटाला टिंब दिलं. मदार म्हणजे त्याचं कुबड, तेवढं मला ठाऊक होतं. पण 'मेद' म्हणजे काय? टिंब दिलं तर 'मेंद'. शब्दकोश काढला. 'मेंद' नाही. त्या जागी दोनच शब्द जवळ होते, 'मेंदी' आणि 'मेंदू'. आधी वाटलं मेंदी असेल. पण हाच शब्द पुढे अस्वलाच्या पाटीवर आला, 'कातडीखाली चार बोटे जाड मेद असतो.' अस्वलाच्या कातडीखाली मेंदी असणं पटेना. शिवाय 'असतो' म्हणजे पुल्लिंगी. तेव्हा मेंदूच. बाईंचा टिंबाबरोबर उकारही राहिला होता.

एकदा हे कळल्यावर मला सगळं दालन उलगडलं. खारीबद्दल बाई लिहितात की ती हिवाळ्यापूर्वी भरपूर मेंदू जमवते, आठ महिने झोपते आणि उठते तेव्हा बहुतेक मेंदू संपलेला असतो. सकाळी उठल्यावर माझं असंच होतं. वाळवंटातला सरडा मेंदू शेपटीत ठेवतो. सीलच्या दुधात निम्मा मेंदू असतो, म्हणून तिची पिल्लं इतक्या लवकर शहाणी होऊन पाण्यात उतरतात. कठीण जागी राहणाऱ्याला मेंदू फार जपून वापरावा लागतो, हे मला पटलं. उंटाचं डोकं केवढंसं, त्यात मावणार तरी किती? आणि ज्या उंटाला दोन मदारी असतात त्याच्याकडे तर बघतच राहावं.

तुझ्या झाडांबद्दलही एक गोष्ट केली आहे. बाईंनी लिहिलं होतं, 'टुंड्रात झाडे नसतात.' मी पुढे लिहिलं, 'अपवाद, घोट्याएवढी.' विचारलं नाही. पाटी वाळेपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून ठेवली.

सोबत सगळ्या पाट्यांची नक्कल पाठवतो. चूक दिसली तर कळव.

तुझा,
वेलांटी


१० एप्रिल
रंगखोली

आत्या,

तुझं उत्तर आलेलं नाही, म्हणजे वादळ असणार. मला धीर धरवत नाही म्हणून लिहितो.

सहा तारखेला दालनाचं उद्घाटन झालं आणि फार नाव झालं. निवृत्त न्यायाधीश साहेब प्रमुख पाहुणे होते. त्यांनी फीत कापली आणि उंटापुढे बराच वेळ उभे राहिले. माझी पाटी त्यांनी दोनदा वाचली. मग भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "मी आज दुसरंच काही बोलणार होतो, पण या उंटाने मला थांबवलं. सज्जनहो, आपण आपला मेंदू डोक्यात ठेवतो आणि रोज उधळतो. हा प्राणी तो पाठीवर वाहतो आणि प्रसंग आल्याशिवाय हात लावत नाही." टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात सबंध भाषण छापून आलं.

बाईंना मात्र काही ऐकू आलं नाही. ऐनवेळी गोऱ्या कोल्ह्याची शेपटी गळून पडली आणि सरस वाळेपर्यंत ती धरून बाई काचेमागे बसल्या होत्या. लोकांना वाटलं की टुंड्रात बाईही असते. एका आजीबाईंनी त्यांच्याकडे बघून हात हलवला. बाईंनी शेपटी धरलेल्या हाताने उत्तर दिलं.

संचालकांनी मला बोलावून विचारलं, "पाट्या तू लिहिल्यास?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "अक्षर चांगलंय." पेंढाकाका म्हणतात, आता तुझं काम झालंच समज. मी समजत नाही, पण थोडंसं समजायला लागलो आहे.

तुझा,
वेलांटी


१२ एप्रिल
स्वयंपाकघर

वेलांटी, पाट्या लावू नकोस. आधी हे वाच.

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. सात माणसं होती. उंटापर्यंत सगळे गप्प ऐकत होते. अस्वलापाशी जनित्र बघणाऱ्या यंत्रवाल्याने चमचा खाली ठेवला. सीलच्या दुधापाशी निरीक्षक खुर्चीसकट मागे गेला. त्याला उठवायला दोघं गेले, तेही त्याच्याशेजारी बसून राहिले. मला वाटलं स्वयंपाकात काहीतरी पडलं.

अरे, शब्द 'मेद'च आहे. टिंब नाही, उकार नाही. मेद म्हणजे चरबी. साधी चरबी, जी माझ्या अंगावर आहे. बाईंनी एकदाच शब्द पूर्ण लिहिला आणि तोच तू दुरुस्त केलास.

आता इथे मला कुणी पुन्हा वाढ म्हणत नाही. "आत्याबाई, जरा मेंदू वाढा," म्हणतात. काल तव्यावर चरबी टाकली तर यंत्रवाला म्हणाला, वाया घालवू नका.

पाट्या अजून तळघरात असतील तर आजच्या आज पुसून टाक. विमानाची पाळी टळून चार दिवस झाले. देवाजवळ मागणं एवढंच की हे पत्र तुझ्या उद्घाटनाच्या आधी पोचावं.

झाडांची ओळ मात्र निरीक्षकाला फार आवडली.

आत्या


२ मे
रंगखोली

आत्या,

तुझं पत्र काल मिळालं. उद्घाटनाला पंचवीस दिवस झाले होते.

मी रंगखोलीची कडी लावून बसलो आणि मोजलं. अकरा पाट्या. चौदा ठिकाणी मेंदू. वर्तमानपत्रातले वेगळे. शब्दकोश पुन्हा काढला. 'मेद' त्यात आहे. 'मेंदू'च्या बऱ्याच नंतर, वेगळ्या पानावर. मी ते पानच उलटलं नव्हतं, कारण टिंब मी आधीच देऊन बसलो होतो. शाळेत कुणी 'मेद' म्हटलं नाही, घरी कुणी म्हटलं नाही. सगळे चरबीच म्हणतात. बाईंनी चरबी लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मनात आलं आणि लगेच त्याची लाज वाटली.

पहिल्यांदा पेंढाकाकांना सांगितलं. ते ससा शिवत होते. त्यांनी दोरा तोडला आणि म्हणाले, "पाट्या वाचतं कोण? लोक प्राणी बघतात, पोरं काच चाटतात. तू गप्प बस."

मी म्हटलं, "न्यायाधीशांनी वाचली ना."

"ते न्यायाधीश आहेत. त्यांना समोर येईल ते वाचायची सवय."

"आणि बाई?"

"बाईंना मेद कुठे आहे ते ठाऊक आहे, म्हणून त्यांना मेदच दिसतो. तुला माहीत नव्हतं, म्हणून तुला मेंदू दिसला. यात कुणाची काय चूक?"

हे ऐकून बरं वाटलं, पण दुपारी एका शाळेची सहल आली. बत्तीस मुलं पाट्या वह्यांत उतरवून घेत होती. एका मुलीने आमच्या बाईंनाच विचारलं, "मग उंटाच्या पाठीवर बसलं तर त्याला विचार करता येतो का?" बाईंना वाटलं ती गंमत करते आहे. त्या म्हणाल्या, "तूच विचार त्याला." मुलीने वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल?

आता सगळ्यात अवघड भाग. ही चूक सहज निघते. पातं घेऊन टिंब खरवडायचं, उकार खरवडायचा, की उरतो तो 'मेद'. चौदा टिंबं, चौदा उकार. सकाळी काच पुसायची पाळी माझीच असते, किल्ली तेव्हा माझ्याकडे असते. आज मी वाळवंटातल्या तीन खरवडल्यासुद्धा. कुणाला कळलं नाही. आता असं आहे की वाळवंटात अर्धा मेद आहे आणि टुंड्रात अजून सगळा मेंदूच आहे.

समिती तीस तारखेला आहे. गप्प राहिलो तर कायम होईन आणि जन्मभर बाईंसमोर नजर खाली घालून चालेन. सांगितलं तर पोती. बाबांचं कालच पत्र होतं, भावोजी अजून थांबले आहेत.

तू काय केलं असतंस?

तुझा,
वेलांटी


२० मे
स्वयंपाकघर

वेलांटी,

तू विचारलंस, मी काय केलं असतं. मी काय केलं तेच सांगते. हे घरात कुणालाही माहीत नाही, दादाला तर अजिबात कळता कामा नये.

पहिल्या हिवाळ्यात मी पिठाच्या कोठीची कडी लावायला विसरले. रात्रभर वारा आत, बर्फ आत. सकाळी निम्म्या पिठाचे दगड. पुढचं विमान महिनाभर नव्हतं. सगळे धावत आले, कुणी केलं, कुणी केलं. बर्फात कोल्ह्याची पावलं होती. मी म्हटलं, कोल्ह्याने.

महिनाभर माणशी एक भाकरी झाली. सगळे कोल्ह्याला शिव्या देऊन जेवत. मीही देत असे, सगळ्यांत मोठ्याने. चार वर्षं झाली. अजून कुणाला ठेच लागली तर इथे म्हणतात, त्या कोल्ह्याचं काम. तो बिचारा कधी दारासमोरून गेला की मी भांड्यांकडे तोंड करते.

इथवर लिहिलं आणि पुढे तुला काय उपदेश करायचा ते सुचेना. म्हणून उठले. सगळे चहाला बसले होते. म्हटलं, ऐका, ते पीठ कोल्ह्याने नाही, मी घालवलं.

मग यंत्रवाला म्हणाला, "आत्याबाई, कडी बाहेरून वर उचलायची आहे. कोल्ह्याला हात असतात का?" निरीक्षक म्हणाला, "आम्हाला त्याच सकाळी कळलं होतं. तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होतो. पैज लावली होती, मी दोन वर्षं म्हटलं होतं."

चार वर्षं, वेलांटी. सात माणसं माझ्यासमोर बसून कोल्ह्याला शिव्या देत होती आणि माझ्याकडे बघत होती. मला वाटायचं, मी किती हुशारीने निभावून नेलं.

तेव्हा हे असं आहे. तुझ्या बाई काही कोल्ह्याच्या पावलांना फसणाऱ्या दिसत नाहीत. आज नाही, उद्या चष्मा पुसतील. पोती काही वाईट नसतात. पण चौदा ठिकाणी लपून बसायचं काम वाईट. पुढे तुझं तू ठरव, मी काही तिथे तुझ्याजवळ उभी नाही.

आत्या


२२ जून
रंगखोली

आत्या,

तुझं पत्र येईपर्यंत मला थांबवलं नाही. अठ्ठावीस मे रोजीच मी गेलो. ते खरवडलेले तीन मेद मला रोज सकाळी दिसत होते, आणि न खरवडलेल्यांपेक्षा त्यांचीच भीती वाटत होती.

बाईंची खोली वरच्या मजल्यावर आहे. पक्ष्यांच्या अंड्यांचे खण, त्यावर पुस्तकं, त्यावर चहाचे कप. मी टेबलावर यादी ठेवली.

"हे काय?"

"चुका."

"कुणाच्या?"

"माझ्या. चौदा होत्या. तीन मी न विचारता खरवडल्या, त्या खाली वेगळ्या लिहिल्या आहेत."

बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि मोठ्याने वाचलं, "सीलच्या दुधात निम्मा मेंदू असतो." चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा वाचलं. "हे उद्घाटनापासून आहे?"

"हो."

"आणि मी रोज तिथून जाते."

मी यादीचा कोपरा सरळ करत राहिलो.

"तू काहीतरी बोल."

"तुम्ही टिंबं माझ्यावर सोपवली होती. मला वाटलं उकारही सोपवला असेल."

बाई उठून सरळ खाली गेल्या. मी मागे. प्रत्येक पाटी त्यांनी बोट ठेवून वाचली, चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस. सरड्यापाशी थांबून म्हणाल्या, "शेपटी तुटली की याचं अवघड आहे." हसल्या की नाही ते कळलं नाही, त्यांचं तोंड काचेकडे होतं. झाडांच्या पाटीपाशी म्हणाल्या, "हे कुणी लिहिलं? घोट्याएवढी?"

"माझ्या आत्याने पाहिली आहेत. ती तिथे स्वयंपाक करते."

"बरोबर आहे," म्हणाल्या. "हे माझ्याकडून राहिलं होतं."

मग त्या संचालकांकडे गेल्या. दार बंद होतं, पण संचालकांचा आवाज दाराला जुमानत नाही. "न्यायाधीश साहेबांना तोंड कसं दाखवू?" हे मी तीनदा ऐकलं. बाईंचा आवाज हळू होता. नंतर त्यांनीच सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, चौदा चुका त्याने दाखवल्या, मी रोज जाऊन एकही दाखवली नाही, तेव्हा कामावरून काढायचं तर क्रमाने काढा, आधी मला.

ठरलं असं, की न्यायाधीश साहेबांकडे मी स्वतः जायचं आणि सांगायचं. त्यांची तक्रार आली तर समितीपुढे माझं नावही जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. ते बागेत कुंड्यांना पाणी घालत होते. मी वाटेत वाक्य पाठ केलं होतं, पण फाटकातून आत शिरताच ते संपलं. खारीसारखी अवस्था. शेवटी नुसतं म्हणालो, "साहेब, उंटाच्या पाठीत चरबी असते."

ते म्हणाले, "बरं."

"मेंदू नसतो. पाटीवर मी चुकून लिहिलं. तुम्ही भाषणात म्हणालात."

त्यांनी झारी खाली ठेवली. खुर्चीत बसले. मला बसा म्हणाले नाहीत. मग विचारलं, "ते भाषण मी कितीदा केलं, माहीत आहे?"

"एकदा."

"चारदा. तुमच्याकडे, ग्रंथालयात, दोन शाळांत. परवा वकिलांपुढे पाचव्यांदा करायचं आहे. फार चांगलं चालतंय." मग डोळे मिटून म्हणाले, "पस्तीस वर्षं मी साक्षीदारांना विचारत आलो, हे तुम्ही स्वतः पाहिलं का. आणि स्वतः एका पाटीवर विसंबलो." मग डोळे उघडले. "आता काय करू? उंट काढू का भाषणातून?"

मी खरोखर विचार केला. म्हटलं, "उंट राहू द्या साहेब, मेंदू तेवढा काढा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं, पोतीच. मग ते खोकल्यासारखे हसायला लागले आणि थांबेनात. आतून त्यांच्या सूनबाई पाणी घेऊन धावत आल्या. पाणी पिऊन ते म्हणाले, "जा. तक्रार नाही माझी." मी फाटकापर्यंत पोचलो तेव्हा मागून विचारलं, "सीलचं दूध तरी खरं आहे का?" मी म्हटलं, "निम्मी चरबी." ते म्हणाले, "मग तेच घेतो."

समिती तीस तारखेला बसली. बाईंनी दोन अटी घातल्या. पाटी रंगवण्याआधी मी मजकूर त्यांच्यापुढे मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगायचा. आणि टिंबं आता त्या स्वतः देणार. त्या देतात, पण भलतीकडे. परवा 'पांणी' आलं होतं. उरलेली अकरा टिंबं मी सगळ्यांसमोर खरवडली. ती शाळेची बत्तीस मुलं परत बोलावली होती, बाईंनीच पत्र पाठवून. मुलांनी वह्यांत खाडाखोड केली. ती प्रश्न विचारणारी मुलगी म्हणाली, मला आधीचंच आवडलं होतं.

नेमणुकीचा आदेश काल हातात आला. मी कायम झालो. बाबांना तार केली. भावोजींनी जागा दुसऱ्याला दिली असं उत्तर आलं, त्यात अभिनंदन नव्हतं, पण तार बाबांनी स्वतःच्या खर्चाने केली होती.

एकच गोष्ट आहे. आदेशात 'नेमणुक' ऱ्हस्व लिहिली आहे. दीर्घ हवी. मी रात्रभर तळमळलो. एवढ्या खटपटीने मिळालेली नेमणूक आणि तीच ऱ्हस्व. बाईंना दाखवलं, तर म्हणाल्या, "घे पेन आणि कर दीर्घ." पण स्वतःची नेमणूक स्वतःच्या हाताने लांबवणं मला बरं वाटेना. कागद आस्थापना विभागाच्या कारकुनाकडे परत दिला आहे. तो म्हणतो, दुरुस्तीला तीन आठवडे लागतील.

तोपर्यंत मी ऱ्हस्वच आहे.

तुझा,
वेलांटी